फॅशनच्या धंद्यातला नम्र साहेब: इंडिटेक्सकडून नेमकं काय उचलावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: झाराची मालक कंपनी इंडिटेक्स, तिथले वरचे लोक फार साधे आणि नम्र असतात असं सतत वाचायला मिळतं. हे खरं, की प्रसिद्धी खात्याची करामत? आणि खरं असेल, तर महाराष्ट्रात तयार कपड्यांची वीसेक दुकानं चालवणाऱ्या घरच्या कंपनीने त्यातून काय घ्यायचं?

साधेपणा बऱ्यापैकी खरा आहे, पण तो उचलण्याजोगा भाग नाही. संस्थापकाचा स्वभाव तुम्हाला आणता येणार नाही आणि आणायची गरजही नाही. उचलण्याजोगी आहे ती कामाची मांडणी. वरच्या माणसाचा अंदाज चुकणार हे आधीच धरून तिथे खरेदी, शिलाई आणि दुकानं बसवलेली आहेत. म्हणून उत्तराचा मोठा भाग माणसांपेक्षा मालावर खर्च करतो.

आधी माणसं, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात. अमान्सिओ ओर्तेगा यांचा जन्म १९३६ चा, वडील रेल्वेत कामगार. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या आ कोरुन्या शहरात एका शर्टाच्या दुकानात पोऱ्या म्हणून त्यांनी कामाला सुरुवात केली. १९६३ मध्ये घरात घालायचे गाऊन शिवणारा कारखाना काढला, १९७५ मध्ये पहिलं झारा उघडलं आणि १९८५ मध्ये सगळ्या कंपन्या इंडिटेक्सच्या छत्राखाली आणल्या. १९९९ पर्यंत कंपनीने त्यांचा एकही अधिकृत फोटो दिला नव्हता. २००१ मध्ये समभाग बाजारात आणायचे होते, त्याच्या आधी अहवालात पहिला फोटो छापावा लागला. आर्तेइशोच्या मुख्यालयात त्यांना स्वतःची केबिन नव्हती. झाराच्या बायकांच्या कपड्यांचं काम चालतं त्या मोकळ्या दालनात, डिझायनर आणि खरेदीवाल्यांच्या मधोमध त्यांचं टेबल असायचं.

या टेबलाची गोष्ट सगळे सांगतात, पण ती साधेपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. धंद्याच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे. त्या दालनात डिझायनर, कापड आणि शिलाईचं बघणारे आणि एकेका देशाच्या दुकानांशी रोज फोनवर बोलणारे लोक एकत्र बसतात. एखाद्या देशातून सलग फोन आले की स्कर्टची लांबी कमी पडतेय, तर तो फोन घेणारा आणि कागदावर लांबी बदलणारा यांच्यात चार खुर्च्यांचं अंतर असतं. मालक तिथे बसला की त्याला बातमी गाळून, गोड करून सांगणारा मधला माणूसच उरत नाही. केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला अहवाल मिळतो, इथे बसणाऱ्याला तक्रार मिळते.

२००५ मध्ये पाब्लो इस्ला सीईओ म्हणून आले. ते सरकारी वकिलीच्या सेवेतले, नंतर तंबाखूच्या धंद्यातल्या मोठ्या कंपनीचे सहअध्यक्ष. कपड्याशी त्यांचा आधी काही संबंध नव्हता. २०११ मध्ये ओर्तेगा अध्यक्षपदावरून बाजूला झाले आणि इस्ला अध्यक्ष झाले. २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षं हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूच्या जगातल्या उत्तम कामगिरीच्या सीईओंच्या यादीत ते पहिले होते. ते आले त्या आर्थिक वर्षात विक्री सुमारे ६७४ कोटी युरो होती, २०१९ च्या वर्षात ती २,८२८ कोटींवर गेली. मोजक्या मुलाखती, कमी बैठका, दुकानांत जाणं आणि लोकांशी त्यांच्या जागी जाऊन बोलणं अशी त्यांची कामाची रीत सांगितली जाते. माझ्या मते त्यांच्या नम्रतेचं खरं भांडवल त्यांच्या अज्ञानात होतं. कापडातलं कळत नाही हे त्यांना आणि बाकीच्या सगळ्यांनाही माहीत होतं. त्यामुळे हंगामाचा रंग त्यांनी ठरवायचा प्रश्नच आला नाही. त्यांनी हात घातला तो गोदामं, संगणक, ऑनलाइन विक्री आणि दुकानांची जागा यांत. कपड्यातलं कळणाऱ्या मालकाला हे फार जड जातं, आणि तुमच्यासारख्या घरच्या धंद्यात अडचण नेमकी तिथेच असते.

आता माल. दोन दशकांपूर्वी झारावर जे अभ्यास झाले त्यांतले आकडे आजही शिकवण्यासारखे आहेत. हंगामाच्या सहा महिने आधी झारा आपल्या मालापैकी साधारण १५ ते २५ टक्केच पक्का करत असे. हंगाम सुरू होताना हा आकडा ५० ते ६० टक्क्यांवर जाई आणि उरलेला माल हंगाम चालू असताना बने. त्याच काळात नेहमीच्या कपडे कंपन्या सहा महिने आधीच ४५ ते ६० टक्के आणि हंगामाच्या तोंडावर ८० ते १०० टक्के माल पक्का करून बसत. म्हणजे बाकीच्यांचा साहेब मार्चमध्ये सांगायचा की सप्टेंबरात लोक काय घालतील. इथे सप्टेंबरात लोक काय घालतायत हे पाहून सप्टेंबरातच शिवलं जायचं.

हे फुकट होत नाही. कापडाचा मोठा भाग न रंगवता घेऊन ठेवावा लागतो, आपल्या इचलकरंजी-भिवंडीच्या भाषेत ग्रे. रंग शेवटच्या क्षणी ठरतो. फॅशनचा माल स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान अशा जवळच्या ठिकाणी शिवून घ्यावा लागतो. तिथली शिलाई आशियापेक्षा महाग पडते, पण दिवस वाचतात. साधे टी-शर्ट, ज्यांचा अंदाज कोणीही बांधेल, ते लांबून स्वस्तात येतात. कारखान्यात थोडी जागा रिकामी ठेवावी लागते, आणि हिशेबनिसाला रिकामं मशीन बघवत नाही. दुकानांना आठवड्यातून दोनदा ठरलेल्या दिवशी मागणी नोंदवायची असते आणि युरोपात माल एक-दोन दिवसांत पोचतो.

अंदाज चुकल्यावर काय होतं ते बघायचं तर एचअँडएम या स्वीडनच्या कपडे कंपनीचं २०१८ चं उदाहरण आहे. त्या वर्षी मार्चमध्ये त्यांच्याकडे ४३० कोटी डॉलरचा न विकलेला माल पडून असल्याची बातमी जगभर गेली. तिथली माणसं उद्धट होती म्हणून हे झालं नाही. माल लवकर आणि मोठ्या लॉटमध्ये पक्का करण्याची रीत होती, आणि गिऱ्हाईक त्या आधीच्या अंदाजाबरोबर गेलं नाही.

आता एक तपशील जवळून पाहा, कारण 'खालच्यांचं ऐका' हा सल्ला किती अपुरा आहे ते त्यात दिसतं. झाराच्या दुकानात एखाद्या कपड्याचे मुख्य साइज, म्हणजे एस, एम, एल यांपैकी एखादा संपला की तो अख्खा कपडा समोरून काढून मागच्या खोलीत नेण्याची रीत आहे. फक्त एक्सएस किंवा एक्सएल संपला तर तो समोरच राहतो. कारण सरळ आहे: एम नसलेला शर्ट जागा अडवतो, विकला जात नाही आणि वर विचारणाऱ्याला नाराज करतो. त्यामुळे आर्तेइशोतून माल वाटताना प्रश्न 'किती नग' इतकाच नसतो. या दुकानात साइजचा सेट किती दिवस टिकेल हे बघावं लागतं. आधीच्या पद्धतीत दुकानाचा मॅनेजर मागणी नोंदवायचा आणि मुख्यालयातली वाटप करणारी माणसं त्यात काटछाट करायची. मग जे व्हायचं तेच झालं. काटणार हे माहीत असल्यामुळे मॅनेजर चालत्या मालाची मागणी फुगवून लिहू लागले, आणि फुगवतात हे माहीत असल्यामुळे मुख्यालय आणखी काटू लागलं. दोघंही मन लावून काम करत होते आणि आकडा मात्र खोटा होत होता.

कॅलिफोर्नियातल्या आणि एमआयटीच्या संशोधकांबरोबर बसून कंपनीने २००५ नंतर हे वाटप बदललं. मॅनेजरची मागणी राहिली, पण ती विक्रीच्या इतिहासाबरोबरची एक बातमी म्हणून, हुकूम म्हणून नाही. साइजचा सेट तुटण्याचा हिशेब गणितात घातला. प्रत्यक्ष चाचणीत विक्री ३ ते ४ टक्क्यांनी वाढल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. इतक्या मोठ्या कंपनीत हा आकडा प्रचंड आहे. नुसतं ऐकणं पुरत नाही, सांगणाऱ्याला फुगवायची गरजच पडू नये अशी सोय करावी लागते.

पुढे २०१४ पासून प्रत्येक कपड्याला रेडिओ चिप आली. ती चोरी रोखणाऱ्या प्लॅस्टिकच्या टॅगमध्ये बसवली, म्हणजे गल्ल्यावर टॅग काढला की चिप परत वापरता येते. दोन वर्षांत ती सगळ्या झारा दुकानांत पोचली. त्यामुळे एम साइज मागच्या खोलीत आहे की खरंच संपलाय, यावर वाद घालायचं कारण संपलं. वाद कमी झाले की हुद्द्याचं वजनही कमी चालतं, हा त्या चिपचा न मोजलेला फायदा.

इस्लांच्या काळातला सगळ्यात अवघड निर्णय २०२० चा. कोविडमध्ये दुकानं बंद पडली आणि फेब्रुवारी ते एप्रिल या तिमाहीत ४०.९ कोटी युरोंचा तोटा झाला, बाजारात आल्यापासूनचा पहिला तिमाही तोटा. मार्चमध्येच त्यांनी २८.७ कोटी युरो मालाच्या घसरलेल्या किमतीपोटी बाजूला काढले होते. जूनमध्ये १,००० ते १,२०० लहान दुकानं मोठ्या दुकानांत सामावून घेण्याची किंवा बंद करण्याची योजना जाहीर झाली. ही दुकानं त्याच नेतृत्वाच्या काळात उघडलेली किंवा जपलेली होती. दुकानांची संख्या ७,४०० च्या वरून २०२५ च्या सुरुवातीला ५,६०० च्या आत आली. तरी २०२४ च्या वर्षात विक्री ३,८६० कोटी युरोंच्या आसपास आणि नफा ५८६ कोटी होता. आपण उघडलेलं दुकान आपणच बंद करणं हे घरच्या धंद्यात सगळ्यात उशिरा होतं, कारण उद्घाटनाचा फोटो भिंतीवर असतो. भारतातही ते हात राखूनच आहेत. टाटांच्या ट्रेंटबरोबर २०१० मध्ये पहिलं दुकान दिल्लीत उघडलं, आणि पंधरा वर्षांनीही देशभरात झाराची दुकानं पंचविसाच्या आत आहेत. त्याच ट्रेंटचं झुडिओ तेवढ्या काळात गावोगाव पोचलं. दोन्ही निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचे, पण तो वेगळा विषय.

आता दुसरी बाजू, नाहीतर हे उत्तर आरतीच होईल.

ओर्तेगांकडे कंपनीचे ५९ टक्के समभाग आहेत. २०२५ मध्ये त्यांना मिळालेला लाभांश ३०० कोटी युरोंच्या वर जातो. इतकी मालकी हातात असताना केबिन नसली तरी मान कमी होत नाही. सत्ता पक्की असली की नम्रता परवडते. पगारी सीईओला ती जास्त महाग पडते, कारण त्याला दर तिमाहीला आपण किती लागतो हे दाखवायचं असतं.

दुसरं, ज्यांच्या बातमीवर ही सगळी मांडणी उभी आहे त्या दुकानातल्या माणसांना पगारासाठी रस्त्यावर यावं लागलं. २०२२ च्या नोव्हेंबरात, ऐन खरेदीच्या आठवड्यात, आ कोरुन्यातच, म्हणजे कंपनीच्या अंगणात, दुकानातल्या बायकांनी संप केला. २०२३ च्या फेब्रुवारीत स्पेनमधल्या दोन मोठ्या कामगार संघटनांशी सरासरी २० टक्के वाढीचा करार झाला. याच्या आधी, २०१५ आणि २०१६ साठी, नफ्यात होणाऱ्या वाढीचा १० टक्के हिस्सा दोन वर्षांहून जास्त नोकरी झालेल्यांना देण्याची योजना होती. चांगली योजना, पण तशी योजना दरमहाच्या पगाराची जागा घेत नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. वर निर्णय उशिरा घेतला की खाली घाई होते. वरच्या माणसाने 'थांबू, बघू, मग ठरवू' म्हटलं की ते शहाणपण वाटतं, पण शेवटच्या टोकाला कोणीतरी रात्रभर शिवत असतं. २०११ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत झाराचा माल शिवणाऱ्या एका कंत्राटदाराच्या पोटकंत्राटी कारखान्यांत सरकारी तपासनिसांना गुलामीसारख्या अवस्थेत काम करणारे कामगार सापडले, बहुतेक बोलिव्हियाचे. वर्षाअखेरीस कंपनीने सरकारी यंत्रणेशी करार करून देखरेख वाढवण्याची हमी दिली. उशिरा ठरवण्याची किंमत कोण मोजतं हे ज्या नेत्याने कधी विचारलेलं नाही, त्याच्या नम्रतेला मी अर्धेच गुण देतो.

चौथं, चूक झाल्यावरचं वागणं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये लहान मुलांचा एक पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आला, छातीवर पिवळा सहा टोकी तारा. कल्पना अमेरिकन शेरीफची होती, पण दिसायला तो नाझी छावण्यांतल्या कैद्यांच्या कपड्यासारखा दिसत होता. काही तासांत माल काढला आणि माफी मागितली. २०२३ च्या डिसेंबरात मात्र एका जाहिरात मालिकेतल्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या पुतळ्यांवरून गाझाच्या संदर्भात जगभर ओरड झाली. फोटो काढून टाकले आणि कंपनीने सांगितलं की कल्पना जुलैची, फोटो सप्टेंबरचे, गैरसमज झाला याचा खेद आहे. मला यात एक गोष्ट खटकते. ज्या कंपनीत स्कर्टची लांबी महिन्याभरात बदलते, तिथे जाहिरात पाच महिने तशीच पुढे सरकली आणि छापायच्या आधी 'आज हे चालेल का' असं कोणी विचारलं नाही, किंवा विचारलं तरी ऐकलं गेलं नाही. कपड्याला लावलेला नियम जाहिरातीला लावलेला नव्हता. आणि 'गैरसमज' म्हणताना चेंडू बघणाऱ्याकडे टोलवला जातो.

उत्तराधिकाराचं थोडक्यात. २०२१ च्या नोव्हेंबरअखेर संस्थापकांची मुलगी मार्ता ओर्तेगा अध्यक्ष होणार हे जाहीर झालं तेव्हा समभाग एका दिवसात सुमारे ६ टक्के पडले. त्यांनी कामाची सुरुवात लंडनच्या किंग्ज रोडवरच्या झारा दुकानात केली होती आणि जवळपास पंधरा वर्षं कंपनीच्या वेगवेगळ्या खात्यांत काढली होती. १ एप्रिल २०२२ पासून त्या अध्यक्ष आहेत, पण रोजचा कारभार सीईओ ऑस्कर गार्सिया मासेइरास यांच्याकडे. अध्यक्षाच्या खुर्चीतून कारभाराचे अधिकार काढून घेतले, हा भाग घरच्या धंद्यांनी नीट वाचावा.

आता तुमची वीस दुकानं. तुम्हाला चिपा आणि गणिती प्रणाली नकोत, निदान आत्ता. पुढच्या गोष्टी कागद, व्हॉट्सॲप आणि साध्या बिलिंग सॉफ्टवेअरवर होतात.

खरेदीपासून सुरुवात करा. दिवाळीच्या खरेदीचं बजेट ठरलं की त्याचे तीन भाग पाडा. साधारण ५० टक्के जूनमध्येच पक्के: काळा लेगिंग, पांढरा शर्ट, नेहमीचे कुर्ते, ज्यांचा खप कोणालाही सांगता येईल असा माल. २० टक्के नव्या डिझाइनच्या लहान लॉटसाठी, गणपतीच्या आधी दुकानात. उरलेले ३० टक्के हातात रोख, गणपतीत काय उठलं ते बघून दसऱ्याच्या आधी उतरवायचे. हे ३० टक्के टिकवणं हीच खरी परीक्षा. जुलैमध्ये एखादा व्यापारी चांगला भाव देतो आणि घरातलं कोणीतरी म्हणतं की घेऊन टाकू. तिथे नाही म्हणायचा अधिकार मालकाशिवाय दुसऱ्या एका माणसाकडे लेखी ठेवा.

लहान लॉट महाग पडतो ही तक्रार बरोबर आहे, म्हणून आकडे मांडून बघू. समजा एक कुर्ता १,००० नगांच्या लॉटमध्ये ४०० रुपयांना पडतो आणि ९९९ ला विकता. डिझाइन बेताचं निघालं: ५५० नग पूर्ण किमतीला गेले, ४५० सेलमध्ये ४९९ ला. आले ७,७४,००० रुपये, गेले ४,००,०००. हातात ३,७४,०००. आता तोच कुर्ता आधी ३०० नग घ्या, दुकानाला पंधरा, नग ४३० ने. दहा दिवसांत उठाव नाही हे कळलं, थांबलात. त्याच प्रमाणात १६५ पूर्ण किमतीला, १३५ सेलमध्ये: हातात १,०३,२००. उरलेल्या पैशात जे डिझाइन चाललंय त्याचे ६३० नग, तेही ४३० नेच. चालता माल असल्यामुळे ५३६ पूर्ण किमतीला, ९४ सेलमध्ये: हातात ३,११,४७०. एकूण ४,१४,६७०. नगाला ३० रुपये जास्त देऊनही ४० हजारांवर फायदा, कर आणि दुकानखर्च दोन्हीकडे सारखे धरून. यासाठी लागतं ते चालत्या डिझाइनचं कापड दोन आठवड्यांत मिळण्याची सोय. ग्रे घेऊन ते रंगवून देणाऱ्या प्रोसेस हाऊसशी आधी बोलून ठेवलं नसेल, तर हा सगळा हिशेब कागदावरच राहतो.

दुकानांशी बोलणं: सोमवारी आणि गुरुवारी, दुकानामागे दहा मिनिटं, तेही खरेदी बघणाऱ्याने करायचं, मालकाने नुसतं ऐकायचं. 'काय विकलं' हे विचारू नका, ते बिलात आहे. विचारायचं ते बिलात नसलेलं: काय मागितलं आणि नव्हतं, आणि ट्रायल रूममधून काय परत आलं. त्यासाठी प्रत्येक ट्रायल रूमबाहेर एक वेगळा हँगर ठेवा. घालून बघून सोडलेला कपडा थेट रॅकवर न नेता त्या हँगरवर लावायचा, संध्याकाळी मोजायचा आणि एका शब्दात कारण लिहायचं: मुंढा घट्ट, गळा मोठा, अस्तर नाही, लांबी आखूड, रंग. एकाच कुर्त्यापुढे चार दुकानांतून 'मुंढा घट्ट' आलं तर डिझाइन वाईट नाही, पॅटर्न चुकलाय, आणि पुढच्या लॉटला मुंढा अर्धा इंच सोडला की तोच कुर्ता चालतो. हे कळायला हंगाम संपायची वाट बघावी लागत नाही.

मागणी फुगवण्याचा रोग तुमच्याकडेही असणारच. उपाय म्हणून मॅनेजरच्या मागणीपैकी किती माल पूर्ण किमतीला गेला याचा दर महिन्याला एक आकडा काढा आणि तो त्यालाच दाखवा, बाकीच्यांसमोर नको. ज्याचा अंदाज सलग बरोबर येतो त्याची मागणी न काटता मंजूर करा. तीन महिन्यांत फुगवणं कमी होतं, कारण खरं लिहिण्यात फायदा दिसतो.

साहेबांच्या पसंतीचा माल हा सगळ्यात महागडा माल. तो कोणी सेलमध्ये काढायला धजत नाही, सगळे मालकाची री ओढत दसऱ्यापर्यंत तो पुढच्या रॅकवर ठेवतात. म्हणून खरेदीच्या तक्त्यात डिझाइन कोणी निवडलं ते लिहूच नका, फक्त नंबर. निवड बैठकीत मालकाने शेवटी बोलायचं. आणि काढायचा नियम आधी ठरवा: दोन आठवड्यांत १५ टक्क्यांपेक्षा कमी विकलं तर ज्या दुकानात चालतंय तिथे हलवायचं, चार आठवड्यांत ३५ टक्क्यांखाली असेल तर किंमत २५ टक्के उतरवायची, कोणाला विचारायचं नाही. आकडे तुमच्या मालाप्रमाणे थोडे हलवा, पण हंगाम सुरू झाल्यावर हलवू नका.

दुकानाला भेट द्यायची ती न सांगता, शनिवारी संध्याकाळी सातला. आधी मागची खोली, मग ट्रायल रूम, गल्ला शेवटी. तिथे एकच पथ्य: उभ्या उभ्या हुकूम देऊ नका. 'हा निळा पुढे लावा' असं मालक एका दुकानात सहज बोलला की रात्री व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो आणि सकाळी वीसही दुकानांत निळा पुढे असतो, जिथे लाल चालत होता तिथेही. जे दिसलं ते वहीत लिहा आणि सोमवारच्या बोलण्यात प्रश्न म्हणून विचारा.

सगळंच खालच्यांवर सोडणं ही दुसरी टोकाची चूक. नव्या दुकानाचं भाडं, कर्ज, किमतीचा पट्टा, एखादा ब्रँड बंद करणं, हे मालकानेच ठरवायचं आणि लवकर ठरवायचं. 'सगळ्यांचं मत घेऊ' म्हणत भाड्याचा करार तीन महिने लटकवणारा माणूस नम्र नसतो, तो जबाबदारी टाळत असतो आणि लोकांना ते बरोबर कळतं. तसंच मत विचारलं आणि मानलं नाही, तर कारण त्याच आठवड्यात सांगा. दोनदा कारण न देता डावललं की तिसऱ्यांदा समोरचा 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतो, आणि तिथून पुढे बातमी येणं बंद होतं.

शेवटचं शिलाईवाल्यांचं. उशिरा ऑर्डर द्यायची तर त्याची किंमत आधी ठरवून द्या. दसऱ्याच्या आधीच्या दोन आठवड्यांसाठी कारखान्याच्या क्षमतेचा ठरावीक भाग तुमच्यासाठी राखायला सांगा आणि ऑर्डर दिली नाही तरी त्याचे थोडे पैसे द्या, लेखी. दहा दिवसांच्या आत माल हवा असेल तर जादा दर. माल आणखी कोणाकडे शिवायला जातो का ते विचारा आणि हंगामात एकदा तिथे जाऊन या. पैसे वेळेवर द्या: नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. एप्रिल २०२३ पासूनच्या खरेदीला आयकराचा नियमही लागू आहे: ही मुदत चुकली तर पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच तो खर्च धरता येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये लग्नसराईचा माल उचलता तेव्हा ही तारीख हिशेबनिसाला तुमच्या आधी आठवली पाहिजे.